परतीचं तिकीट काढू नका: नागपूरकर जोडप्यासाठी शिडाच्या बोटीवरचा हिवाळा

आमच्या बोटीचं नाव 'तर्री'. नागपुरात हे नाव सांगितलं की ऐकणाऱ्याला सकाळचे पोहे आठवतात. विजयदुर्गाच्या धक्क्यावर एका निवृत्त मास्तरांनी मात्र मान डोलावली. म्हणाले, "छान नाव. संस्कृतात तरी म्हणजे होडी." आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. समुद्राबद्दलही आम्हाला असंच फारसं काही ठाऊक नव्हतं, आणि हा लेख तशाच लोकांसाठी आहे. घर प्रतापनगरात किंवा धरमपेठेत, नोकरी संपलेली किंवा संपत आलेली, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, आणि एक अख्खा हिवाळा दोघांनीच बोटीवर राहून मुंबईहून दक्षिणेला उतरायचं मनात आहे, अशांसाठी.

मुंबई ते गोवा समुद्रावरून साधारण २२० सागरी मैल. ताशी पाच मैलांनी दिवसाला पंचवीस-तीस मैल धरले तर कागदावर आठ-नऊ दिवसांचं काम. आम्हाला साडेपाच आठवडे लागले. त्यातले निम्मे दिवस वाऱ्याची वाट बघण्यात, डिझेल भरण्यात, कपडे धुण्यात आणि कुठल्यातरी खाडीत उगाच राहून जाण्यात गेले. हे उगाच राहणं ज्याला परवडतं त्यानंच या वाटेला जावं. शीर्षकातल्या तिकिटाबद्दल पुढे सांगते, ती आमचीच चूक आहे.

आधी महिना ठरवा, मग बोट

जून ते सप्टेंबर हा किनारा आपल्यासारख्यांसाठी बंद. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या बाहेर पडतात ते पाहून हुरळू नका. त्या तांडेलांच्या, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यांच्या, तीन पिढ्या त्याच पाण्यात गेलेल्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात. २०१९ चं क्यार ऑक्टोबरातलं, आणि २०१७ चं ओखी तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोकणाला हादरवून गेलं. उन्हाळ्याच्या टोकाला पुन्हा तेच: २०२१ चं तौक्ते मे महिन्यात, २०२० चं निसर्ग ३ जूनला रायगड किनाऱ्यावर. दोन्ही टोकं कापली की हातात उरतात ते डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे दिवस. तेवढ्यात बसेल तेवढंच करायचं.

या दिवसांत वारा कसा वागतो ते आपण शाळेत पाठ केलेलं आहे, फक्त तेव्हा उपयोग कळला नव्हता. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. तो सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. मग तासा-दोन तासांची शांतता. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा, बहुधा वायव्येकडून, आणि तो संध्याकाळपर्यंत वाढत जातो. दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला सकाळी वारा डाव्या कुशीवर मिळतो आणि दुपारी मागून किंवा उजव्या कुशीवरून. शिडाच्या बोटीला याहून जास्त काय हवं? परत उत्तरेला येताना हाच वायव्य वारा तोंडावर येतो आणि प्रत्येक मैल भांडून घ्यावा लागतो. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह मात्र मंदपणे उत्तरेकडे वाहतो, तेवढा विरोध गृहीत धरा.

कोणी म्हणेल की सरळ रेघेत मोजलं तर नागपूरहून विशाखापट्टणम मुंबईपेक्षा जवळ आहे. बरोबर आहे. पण पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मोसमी वारा थेट अंगावर येतो, आणि आत शिरून लपायला कोकणासारख्या दर पंधरा-वीस मैलांवर खाड्या नाहीत. हिवाळ्यात पश्चिम किनारा सह्याद्रीच्या आडोशाला असतो, म्हणून हा.

नागपुरात बसून जेवढं होतं तेवढं नागपुरातच करा

पहिलं म्हणजे पोहणं. दोघांनाही, कपड्यांसकट, अर्धा तास तरंगता आलं पाहिजे. दुसरं, गाठी. इतवारीतून दहा मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी पाच-पाच मीटर आणा आणि टीव्ही बघताना हातात ठेवा. बोलाइन, क्लीट हिच, रोलिंग हिच या तीन गाठी डोळे मिटून आल्या पाहिजेत. डोळे मिटून हे मी शब्दशः म्हणते आहे, कारण त्या बांधायची वेळ हटकून अंधारात येते.

तिसरी गोष्ट आम्ही गंमत म्हणून केली आणि तीच सगळ्यात उपयोगी पडली. हॉलमध्ये खडूनं सात फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखला आणि पंधरा दिवस त्यातच राहिलो. झोपणं, स्वयंपाक, वाचन, रुसणं सगळं त्यात. संडास-बाथरूमची सूट घेतली. पाण्याला मात्र नाही: पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दोघांना दिवसाला बारा लिटर, मोजून बादलीत. चौथ्या दिवशी कामवाल्या मावशी म्हणाल्या, "काकू, तुम्ही काहून असं करून राहिल्या?" आठव्या दिवशी आम्हालाही तोच प्रश्न पडला. पण पंधरावा दिवस निघाला. ज्या जोडप्याचा आठवा दिवस निघत नाही त्यांनी बोट घ्यायची घाई करू नये, तेवढे पैसे वाचतील.

शीड प्रत्यक्ष हाताळायला मुंबईच गाठावी लागते असं नाही. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या नौकांचं प्रशिक्षण चालतं आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर तर कित्येक दशकं शर्यती होत आहेत. दोन्ही शहरं नागपूरहून मुंबईपेक्षा जवळ. आधी छोट्या, उलटणाऱ्या नौकेवर शिका. वारा कुठून येतो हे मानेच्या मागच्या बाजूला कळायला लागतं ते तिथेच. मोठ्या बोटीवर थेट बसलेल्याला ते फार उशिरा कळतं. मग मुंबईत किंवा गोव्यात कोणाच्यातरी तीस फुटी बोटीवर खलाशी म्हणून निदान दहा दिवस काढा. विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबई. आमचा एक हिवाळा असाच गेला.

नकाशे वाचणंही घरीच शिकायचं. भारताचे सागरी नकाशे तयार करणारं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय डेहराडूनला आहे, तेव्हा समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी लाजायचं काही कारण नाही. एक सोपी युक्ती आधी शिका: अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. कोकण किनारा जवळपास उत्तर-दक्षिण असल्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की अंतर निघतं. रत्नागिरी १६ अंश ५९ मिनिटं, विजयदुर्ग १६ अंश ३३ मिनिटं. सव्वीस मैल. पाचच्या वेगानं सव्वापाच तास.

दुसरी युक्ती भिंतीवरच्या पंचांगाची. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच गणित. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. हे मच्छीमारांचं अंदाजाचं गणित आहे. खाडीत शिरायची वेळ छापील कोष्टकावरूनच ठरवा, पण कोष्टक चुकीच्या पानावर उघडलं गेलं असेल तर ते तिथी सांगते.

बोट

अठ्ठावीस ते बत्तीस फूट. त्याहून मोठी दोघांना सांभाळवत नाही, त्याहून लहानीत दीड महिन्यानं घटस्फोट होतो. पाण्याखालचा भाग दीड मीटरपेक्षा खोल नको, कारण कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. डिझेल इंजिन बोटीच्या पोटात बसवलेलं हवं; हिवाळ्यात सकाळच्या शांततेत ते रोज दोन तास लागतंच, आणि वीसेक अश्वशक्तीचं इंजिन तासाला दोन लिटरच्या आसपास पितं.

जुनी बोट घेताना तज्ज्ञाकडून पाण्याबाहेर काढून तपासून घ्या. बाहेरच्या देशातून आलेली असेल तर सीमाशुल्क भरल्याचे कागद बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. दरवर्षी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के डागडुजीला लागतात असं जुने लोक सांगतात. पहिल्या वर्षी ते खोटं ठरतं, कारण जास्त लागतात.

कागद आणि रेडिओ

बोटीची नोंदणी, विमा, दोघांची ओळखपत्रं, रेडिओचा परवाना, सगळ्याच्या तीन-तीन प्रती जलरोधक पिशवीत. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले लोक समुद्रातून आले होते, तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी बोटीची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. बंदरात नांगर टाकला की आपणहून बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे जाऊन नावं नोंदवा. कोणी विचारायला यायच्या आधी आपण गेलो की चहा मिळतो.

व्हीएचएफ, म्हणजे जवळच्या पल्ल्याचा सागरी रेडिओ, १६ नंबरच्या चॅनेलवर कायम चालू. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही बोटीत डोळ्यांसमोर लिहून चिकटवा. एक इशारा: परदेशातून कोणी प्रेमानं सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र आणून दिलं तर घेऊ नका. भारतात विनापरवाना ते बाळगणं गुन्हा आहे आणि त्यापायी लोकांना अटक झाली आहे. संकटात खुणेचा संदेश पाठवणारा बीकन मात्र घ्या आणि तो बोटीच्या नावावर रीतसर नोंदवा.

हवामानासाठी दोन जागा रोज बघायच्या: हवामान खात्याचं किनारी पत्रक आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा लाटांचा अंदाज. आणि बंदरावरचा बावटा. तीन नंबरचा बावटा लागला की गप्प पत्ते काढायचे.

शिधा

डिसेंबरात निघत असाल तर संत्र्याचा अंबिया बहार हाताशी असतो. न धुतलेली, देठ असलेली संत्री घ्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून जाळीच्या पिशवीत टांगा. रोज एक नजर टाकून मऊ पडलेलं खाऊन टाकलं तर आरामात तीन आठवडे पुरतात. आणि कुठल्याही धक्क्यावर दोन संत्री पुढे केली की ओळख होते.

बोटीवर प्रेशर कुकरसारखं भांडं नाही. हलत्या बोटीत तो आडवा झाला तरी भात सांडत नाही. गोळाभात एकाच भांड्यात होतो, पिठलं दहा मिनिटांत होतं, जवसाची चटणी महिनाभर टिकते. पापड-कुरडया मात्र खाऱ्या हवेत दोन दिवसांत सादळतात. काड्यापेटी विसरा, लायटर घ्या, तेही तीन. भाजी दर तीन-चार दिवसांनी बाजारातून. कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो हे तिकडे चालत नाही. हर्णैच्या बाजारात मी सांबार मागितला तर मावशीनं मला हॉटेलचा रस्ता दाखवला.

गॅसबद्दल गंभीर व्हा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दारातून निघून जातो, बोटीत मात्र तळाशी जाऊन साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर बाहेरच्या, खाली भोक असलेल्या कप्प्यात हवा, आणि स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरचा कॉक, मग शेगडीचा. आमच्याकडे कॉक बंद करणारा मोठ्यानं "गॅस बंद" म्हणतो आणि दुसरा "ऐकलं" म्हणतो. पाहुण्यांना हसू येतं.

उन्हाचं आम्हाला काय सांगता, असं नागपूरकराला वाटतं. पंचेचाळीस अंशांत वाढलेलो आम्ही. पण ते कोरडं ऊन. कूलर लावला की निभतं. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि तेहतीस अंशांत माणूस गळून जातो. कॉकपिटवर, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेवर, जाड कापडाचं छत पहिल्या दिवसापासून लावा.

बोट लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांचं. गोळी कुठली ती आपल्या डॉक्टरला विचारून ठरवा आणि निघायच्या तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. रिकाम्या पोटी बसू नका, खाली वाचत बसू नका, क्षितिजाकडे बघत सुकाणू धरा. आदल्या रात्री सावजी नको, हे वेगळं सांगायला नको होतं, पण आमच्या घरात सांगावं लागलं.

एक दिवस कसा जातो

रत्नागिरी ते विजयदुर्गचाच दिवस घेऊ. आदल्या संध्याकाळी हवामान पाहिलं, डिझेल मोजलं, नकाशावर रेघ मारली. पहाटे पाचला चहा. अंधारात निघायचं नाही, कारण बंदराच्या तोंडाशी जाळी असतात. साडेसहाला फटफटलं की नांगर वर. मतलई वाऱ्यावर दोन्ही शिडं, किनाऱ्यापासून तीन-चार मैलांवरून, खडकांच्या बाहेरून. आवाज फक्त पाण्याचा. दहाला वारा पडला, शिडं लुळी पडून फडफडायला लागली, इंजिन सुरू. पाऊण वाजेपर्यंत विजयदुर्गाचा बुरूज स्पष्ट.

किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली जुनी भिंत आहे, म्हणून तिकडून लांबूनच वळसा घ्यायचा आणि वाघोटण खाडीत आत जायचं. आडोसा असा की बाहेर खारा वारा ताशी वीस मैलांच्या वेगानं वाहत असला तरी आत बोट पाळण्यासारखी डुलते. होडीतून मासे सोडवणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "खंयसून इलात?" नागपूर म्हटल्यावर त्यांनी जाळं खाली ठेवलं.

दुपारी तीनच्या आत नांगर पडलेला हवा, हा आमचा नियम. उशीर झाला तर उजेड शिल्लक राहतो, दुसरी जागा शोधता येते. शीड लहान करण्याचाही असाच ठोक नियम: वारा पंधरा नॉटला (ताशी पंधरा सागरी मैलांना) पोचला की पहिली घडी, आणि सूर्य मावळताना अजून बाहेरच असू तर वारा असो-नसो एक घडी.

खाडीत शिरताना पाणी चढतं असावं. भरती लागलेली असताना वाळूत रुतलात तर अर्ध्या तासात पाणीच उचलतं. ओहोटीत रुतलात तर पुढचे सहा तास बोट कलंडलेली आणि गावभर करमणूक. बाहेरून लाट येते आहे आणि आतून ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं आहे, अशा वेळी खाडीच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं उभं राहतं. तेव्हा बाहेरच थांबायचं.

थांबे म्हणून मुरूडजवळची राजपुरी खाडी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग आणि देवगड आम्हाला आवडले. दाभोळ-जयगडला मोठी जहाजं येतात, त्यांच्या मार्गिकेत नांगर टाकू नका. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक. तिथे स्थानिक माणूस घेतल्याशिवाय आत जाऊ नका, आम्ही वीस वर्षांनी गेलो तरी घेऊ.

नांगर

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण बोटीवर राहणं म्हणजे खरं तर नांगरावर राहणं.

साखळी किती सोडायची याचा हिशेब असा. आम्ही ओहोटीला पोचलो, खोलीमापक तीन मीटर दाखवत होता. भरतीला पाणी आणखी दोन मीटर चढणार. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून एक मीटर वर. एकूण सहा. त्याच्या पाचपट, म्हणजे तीस मीटर साखळी. रात्री वारा वाढणार असेल तर सातपट, बेचाळीस. नवखे लोक त्या क्षणीच्या तीन मीटरचा हिशेब करून पंधरा सोडतात आणि मध्यरात्री भरतीबरोबर चालू पडतात. साखळीला दर दहा मीटरवर रंगाचे पट्टे मारून ठेवा: एक पट्टा, दोन पट्टे, तीन. अंधारात बोटांनी कळावं म्हणून तिथे दोऱ्याचा तुकडाही बांधा.

नांगर फेकायचा नाही, सोडायचा. बोट वाऱ्याच्या तोंडावर पूर्ण थांबली की तो तळाला टेकवायचा, मग वाऱ्यानं बोट मागे सरकत असताना साखळी हळूहळू द्यायची. सगळी दिली की इंजिन उलट, आधी अगदी मंद. साखळी ताणली की वेग वाढवायचा आणि अर्धा मिनिट तसाच ठेवायचा. आता काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, देवळाचा कळस आणि त्याच्या मागचं माडाचं झाड. त्या एकमेकांपासून सरकल्या नाहीत तर नांगर बसला.

आणि साखळीवर तळहात ठेवून बघा. नांगर चिखलात रुतलेला असेल तर साखळी ताठ आणि गप्प लागते. घसरत असेल तर ती हाताखाली गुरगुरते, खडबडीत रस्त्यावरून बैलगाडी जाताना साटीवर हात ठेवावा तशी. हे कुठलंही यंत्र इतक्या लवकर सांगत नाही. कोकणातल्या खाड्यांत बहुतेक चिखल आहे, तो नांगर चांगला धरतो. शेवटी साखळीला नायलॉनची जाड दोरी रोलिंग हिचनं बांधून ताण त्या दोरीवर घ्या, म्हणजे रात्रभर खडखडाट होत नाही आणि झटके दोरी सोसते. सव्वासहा तासांनी पाणी फिरलं की बोट गर्रकन उलटी होते. तेव्हा नांगर धरून आहे ना, हे उठून बघायचं. मोबाइलवरचा गजर आहेच, पण उठायचं.

रात्र, जाळी आणि आमचं तिकीट

भाच्याचं लग्न होतं, म्हणून मडगावहून परतीचं आरक्षण निघण्याआधीच करून ठेवलेलं. वाटेत वाऱ्यासाठी चार दिवस थांबावं लागलं, तारीख जवळ आली, आणि आम्ही जयगडहून संध्याकाळी निघालो, रात्रभर इंजिनावर जाऊन दिवस भरून काढू म्हणून. अकराच्या सुमारास समोर एक मिणमिणता दिवा दिसला. ती होडी आहे आणि आपण तिच्या मागून जातो आहोत असं वाटलं. तो जाळ्याच्या दुसऱ्या टोकाचा दिवा होता. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला दोर.

अशा वेळी पहिली गोष्ट: इंजिन पुन्हा सुरू करून बघायचं नाही. दोर आणखी आवळतो आणि दांडा वाकतो. शीड वर, बोट शांत, आणि उजाडेपर्यंत थांबायचं. अंधारात पाण्यात उतरायचं नाही. सकाळी नवऱ्यानं कमरेला दोर बांधून, करवतीच्या दात्यांचा सुरा घेऊन पाऊण तासात दोर सोडवला. मी वर दोराचं टोक धरून होते. जाळं ज्यांचं होतं ते तोवर आले. चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. शिडाच्या बोटीला इंजिनाच्या बोटींनी वाट द्यायची असते हे खरं, पण मासेमारी चालू असलेल्या होडीला शिडाच्या बोटीनंच वाट द्यायची, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आम्ही भरपाई दिली. लग्न चुकलं ते चुकलंच.

तेव्हापासून किनाऱ्यालगत रात्री चालायचं नाही. चालावंच लागलं तर दोन दिव्यांच्या मधून कधीच जायचं नाही, आणि शक्य तर इंजिनाशिवाय. तीन-तीन तासांच्या पाळ्या. दुसरा झोपलेला असताना पहारेकऱ्यानं कंबरपट्ट्याचा हूक अडकवल्याशिवाय कॉकपिटबाहेर पाऊल टाकायचं नाही. रात्री बोटीवरून पडलेला माणूस सापडत नाही, एवढं लक्षात ठेवलं की हूक आपोआप लागतो.

दोघं

एक कॅप्टन आणि एक स्वयंपाकीण, ही वाटणी करू नका. तो पाण्यात पडला तर बोट फिरवून आणणारं दुसरं कोणी नसतं. निघायच्या आधी आम्ही एक परीक्षा ठेवली: पाण्यात नारळ टाकायचा आणि एकट्यानं बोट वळवून तो उचलायचा, दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मला सहाव्या खेपेला जमलं. नवऱ्याला नवव्या. तोंड न उघडणं मात्र दोघांनाही अजून नीट जमलेलं नाही.

नांगर टाकताना बहुतेक बोटींवर बायको पुढे ओढाताण करते आणि नवरा सुकाणूवरून ओरडतो. उलट करा. ताकद लागते ती पुढे, नजर लागते ती मागे. आणि ओरडायचंच नाही, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. बंदरातल्या लोकांना मात्र आपला संसार स्पष्ट ऐकू जातो. हाताच्या खुणा ठरवा: डावा हात, उजवा हात, मूठ म्हणजे न्यूट्रल, तळहात म्हणजे थांब.

आठवड्यातून एक दिवस एकानं एकट्यानं गावात जायचं, दुसऱ्यानं बोटीवर राहायचं. याला कारण विचारायचं नाही.

गोव्याच्या पुढे

मुंबई ते कोची मिळून पावणेसहाशे मैलांच्या वर आहे, त्यामुळे जानेवारीच्या मध्यापर्यंत गोवा आलं नाही तर तिथेच थांबा. पुढे कारवारला नौदलाचा तळ आहे. नकाशावरच्या निषिद्ध सीमेपासून भरपूर लांबून जा आणि रेडिओवर विचारलं तर लगेच उत्तर द्या. बंदरांमधली अंतरं वाढतात, भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो. मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर चढणारं पाणी कोचीत मीटरभरही चढत नाही, आणि तिथी मोजायची सवय हळूहळू सुटते.

कोचीत बोलगट्टी बेटावर मरिना आहे. आत, शांत पाण्यात. पावसाळ्यात बोट ठेवायची असेल तर एप्रिल संपायच्या आत पोचा, कारण केरळात पाऊस साधारण १ जूनला येतो आणि त्याआधीच समुद्र बिघडायला लागतो. बोट सोडताना शिडं उतरवून, गोड्या पाण्यानं धुऊन, कडक वाळवून आत ठेवा. गाद्या उभ्या करा. तळातलं पाणी स्पंजनं टिपा. डिझेलची टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या जागेत ओल धरते. बुडाला जिथे जिथे भोक आहे तिथला कॉक बंद करा आणि प्रत्येक कॉकला लाल चिंधी बांधा, म्हणजे पुढच्या डिसेंबरात इंजिन सुरू करायच्या आधी उघडायची आठवण राहील. धान्याचा एक दाणाही मागे ठेवू नका. चावीची एक जोडी मरिनाच्या ऑफिसात. मग रिक्षा करून स्टेशनावर जा आणि नागपूरचं तिकीट काढा.